एकोणतीस मिनिटं

रुझारने टेबलावर ठेवला तेव्हा
तो कॅमेरा आहे असं मला वाटलंच नाही.
पांढऱ्या कवचांची खपली, वाळलेलं शेवाळ,
एका कोपऱ्यात थोडा पिवळा रंग, आंब्याच्या सालीएवढा.
"शिणाण्यो काडटना मेळ्ळो," म्हणाला.
खडपाच्या भेगेत, तीन पुरुष खोल.

वास्कोच्या बाजारामागे माझं दुकान.
पाटीवर लिहिलंय, सर्व प्रकारचे कॅमेरे दुरुस्त करून मिळतील.
सगळे नाही मिळत.
बहुतेक बुडालेले येतात, बायण्याहून, बोगमाळ्याहून.
खोक्यावर छापलेलं असतं:
पंधरा मीटर पाणी, दोन मीटरवरून आदळणं,
उणे दहा अंश थंडी (गोव्यात!).
केसाबद्दल काही छापलेलं नसतं.
दाराच्या रबरी कडीत एक केस राहिला
की अख्खा अरबी समुद्र त्या वाटेने आत शिरतो.

हा मात्र कोरडा निघाला.
तीन दिवस गोड्या पाण्यात,
मग रात्रभर आमसुलांच्या आगळात
(बायको ओरडली, कढीसाठी ठेवलं होतं),
मग जुना टूथब्रश, दाढीचं पातं.
दुहेरी खिट्टी. अंगठ्याने दाबली, सरकवली.
आत कडी काळी, तकतकीत,
ग्रीसचा ठसा अजून तिच्यावर.
बॅटरी फुगलेली. कार्ड जसंच्या तसं.
ज्याने हे दार इतक्या निगुतीने लावलं
त्या अनोळखी बोटांना मी मनात हात जोडले.

एकशे बारा फोटो.
हॉटेलचा पलंग. ग्रांडे बेटाकडे निघालेली बोट.
नाकाला पांढरं मलम लावलेली बाई.
मग पाण्याखालचं हिरवं धुकं, धुक्यात कुणाचा अंगठा,
धुक्यात माशाची शेपटी, मासा निघून गेलेला.
आपल्याकडचं पाणी असंच, जुवारीचा गाळ येतो.
नाव नाही. पत्ता नाही.

आणि शेवटी एक व्हिडिओ, मार्चमधला.
मनगटाची दोरी सुटते.
बोटीचा तळ लहान होत जातो, चार पाय, बुडबुडे,
मग खडक. भेगेत कॅमेरा आडवा अडकतो
आणि बघत राहतो.
सहाव्या मिनिटाला एक खेकडा भिंगावर पाय पुसून जातो.
अकराव्याला काही नाही. बाराव्याला काही नाही.
मी पुढे ढकलणार, तर रुझार म्हणाला, "राव."

बाविसाव्या मिनिटाला
वरून दोन पाय उतरतात.
अनवाणी. डाव्या करंगळीला नख नाही.
कमरेला जाळीची पिशवी, हातात पटाशी,
पाठीवर टाकी नाही, डोळ्यांवर काच नाही.
माणूस खडपाला छाती टेकवतो,
एक शिणाणी उपटतो, पिशवीत टाकतो, दुसरी,
डोक्यावर केस उभे, हळू हलणारे.
घाई कसलीच नाही.
हात भिंगाच्या इतका जवळ येतो
की नखातली माती दिसते.
मग टाचा जुळवून तो वर जातो
आणि पाणी पुन्हा पाणी होतं.

रुझारने चप्पल काढली,
स्वतःचा डावा पाय बघितला.
तीस वर्षं रोज तळाशी जाणारा हा माणूस,
त्याला तिथे कुणी बघितलं नव्हतं,
त्यानेसुद्धा नाही.
"हो हांव?"
मी मान हलवली.
"परत लाव."
चार वेळा लावला.
पाचव्या वेळी म्हणाला, "केंस धवे जाल्यात मरे."

एकोणतिसाव्या मिनिटाला कॅमेरा आपोआप थांबतो,
तसं बनवलेलंच असतं.
पुढचा उन्हाळा, पुढचा पावसाळा
त्या भेगेत काय काय येऊन गेलं, कुणाकडेच नाही.

जाताना दारातून मागे वळला.
"घरा सांगूं नाका. बायल भियेतली."
तिला त्याने सांगून ठेवलंय,
शिणाण्यो कमरेएवढ्या पाण्यात मिळतात.